येतो म्हणून निघायचं

आमच्या घराण्यात निरोप घ्यायची पद्धत नाही. काम झालं की उठायचं, पंचा खांद्यावर टाकायचा, चपला पायात सरकवायच्या आणि चालू लागायचं. 'येतो' तर मुळीच म्हणायचं नाही. आम्ही दहाव्या-तेराव्याचे गुरुजी. ज्या घरातलं माणूस गेलंय, तिथून निघताना 'येतो' म्हटलं तर घरच्यांच्या काळजात धस्स होतं, की आता हा पुन्हा कशाला येणार? बाकीच्या मराठी माणसांना हा नियम कधीमधी पाळावा लागतो. भेटायला जातात, गप्प बसतात, गप्प उठतात. आमचं रोजचंच.

लहान होतो, मुंजही झाली नव्हती. वडिलांबरोबर पळी-पंचपात्र धरायला म्हणून एका घरी गेलो होतो. तिथल्या एका बाईने मला पेरू दिला. पेरूला आम्ही उज्जैनचे लोक जाम म्हणतो. चांगला पिकलेला जाम होता. निघताना मी शहाण्यासारखा तिला म्हणालो, 'येतो हं काकू.' ती बाई रडायलाच लागली आणि आतून कोणीतरी ओरडलं. वडिलांनी कान धरून मला गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. मारलं नाही. एवढंच म्हणाले, 'आपण येतो म्हणायचं नसतं. आपल्याला कोणी बोलवत नाही, लोकांवर वेळ येते.' जाम कुठे पडला ते मला आठवत नाही, पण त्यानंतर मी तो शब्द कुठेच वापरला नाही. किराण्याच्या दुकानातूनसुद्धा तसाच निघायचो.

उज्जैनमध्ये मराठी घरं पुष्कळ. कोणी जुन्या दरबारी चाकरीतून इथे रुजलेले, कोणी बँक-रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन आलेले. मला जवळजवळ सगळ्यांची घरं आतून माहीत होती, पण एकाच तऱ्हेने. टीव्हीवर चादर टाकलेली, भिंतीवरचा फोटो उतरवून पाटावर ठेवलेला, बायका आतल्या खोलीत. हीच माणसं टावर चौकात पोह्यांच्या गाडीवर भेटली तर दुरूनच मान हलवायची. एकदा बँकेतला एक गृहस्थ मी शेजारी येऊन उभा राहिल्यावर अर्धी प्लेट तशीच टाकून गेला. मला राग यायचा, का नाही येणार? मीही माणूसच होतो, पोहे खायला आलो होतो, त्याला न्यायला नव्हतो आलो. पण बोलणार कोणाला? लग्न झालं नव्हतं. आमच्या घरात मुलगी कोण देतो? आई-वडील गेले आणि घाटाजवळच्या दोन खोल्यांत मी एकटा राहिलो. संध्याकाळी स्वतःशीच मोठ्याने बोलायचो, आवाज बसू नये म्हणून.

त्या वर्षांत शहरात जिकडे तिकडे एसटीडीचे पिवळे बूथ निघाले होते, गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या लागल्या होत्या आणि शिकलेली पोरं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला चालली होती. मागे राहिले म्हातारा-म्हातारी. त्यांच्यातलं एक गेलं की मुलाचा फोन यायचा, गुरुजी, सुट्टी नाही मिळत, तुम्ही तिकडे उरकून घ्या. मग मी बूथमध्ये उभा राहून फोनवर संकल्प सांगायचो आणि तिकडून मुलगा माझ्यामागे म्हणायचा. मध्येच लाइन कटायची. बूथवाला म्हणायचा, 'भिया, पूरा हो गया क्या?' मी म्हणायचो, नाही रे बाबा, आजोबांपर्यंतच पोचलोय, पुन्हा लाव.

शहरात एक मिशनचं हॉस्पिटल होतं. तिथे मी जायचो ते मागच्या दाराने, शवघरापाशी. कडुलिंबाखाली एक बाक होता, त्यावर बसून नातेवाइकांची वाट बघायची. एक दिवस केरळची एक सिस्टर पाण्याचा ग्लास घेऊन माझ्याकडे आली. वयाने माझ्यापेक्षा थोडी मोठी, चष्मा, चेहरा कडक. तिने मला पाणी दिलं, मी प्यायलो, आणि मग ती म्हणाली, 'आप हमेशा बाद में आते हैं. एक बार पहले आकर देखिए.'

मला वाटलं, बाई थट्टा करतेय. पण ती थट्टा करणाऱ्यांतली नव्हतीच. तिने समजावून सांगितलं. आजाऱ्याजवळ बसायचं हेसुद्धा एक काम असतं, ते शिकावं लागतं, आणि मोठ्या हॉस्पिटलांत त्यासाठी वेगळा माणूस असतो. तो औषध देत नाही, पूजाही सांगत नाही. आजाऱ्याच्या मनात जे चाललंय त्याच्या सोबतीला बसतो, मग आजारी कुठल्याही धर्माचा असो. ती स्वतः दक्षिणेत हे शिकून आली होती आणि इथे तिने वर्ग सुरू केला होता. अडचण अशी, की गळ्यात क्रॉस बघून इथले आजारी आणि त्यांचे घरचे बिचकायचे. तिला इथला, हिंदू, माणूस मेलेला बघून न घाबरणारा कोणीतरी हवा होता. कोणाला ख्रिस्ती करायचं नाही, हे तिने मी न विचारताच सांगितलं.

मी हो का म्हणालो? फार मोठा विचार वगैरे काही नव्हता. 'आधी या' असं मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं होतं.

चॅपेलच्या मागच्या खोलीत आठवड्यातून एकदा दुपारी वर्ग भरायचा. आम्ही चौघं होतो. दोन तरुण नन, एक रिटायर मास्तर आणि मी. सिस्टरचे नियम ऐकून मी चाट पडलो. 'सब ठीक हो जाएगा' म्हणायचं नाही, कारण ते आपल्याला माहीत नसतं. उपदेश करायचा नाही. देवाची मर्जी म्हणायचं नाही. आजारी रडला तर त्याला गप्प करायचं नाही. मास्तर बिचारे रडकुंडीला आले. ते पलंगाजवळ बसले की दोन मिनिटांत लसूण खा, प्राणायाम करा, सुरू व्हायचं. सिस्टर त्यांना पुन्हा पुन्हा उठवायची आणि पुन्हा बसायला लावायची.

मला गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसण्यातच हयात गेली होती. दुसरं एक सोपं होतं. वॉर्डात आजाऱ्याशी जे बोलणं झालं ते वर्गात येऊन जसंच्या तसं सांगायचं, म्हणजे मग सगळे मिळून बघणार की आपण कुठे ऐकलं आणि कुठे चुकलो. मंत्र पाठ केलेलं डोकं माझं, मी शब्दन् शब्द म्हणून दाखवायचो. नन कौतुकाने बघायच्या. सिस्टर मात्र शेवटी एकच विचारायची, 'और आपको क्या लगा?' मी म्हणायचो, काही नाही. ती म्हणायची, मग पाठांतर झालं, भेट नाही झाली. मला भयंकर चीड यायची तिची.

वॉर्डात जायच्या दिवशी धोतर नको, शर्ट-पँट घाला, असं तिनेच सांगितलं होतं. देवास गेटच्या बाजारातून मी एक राखाडी पँट घेतली. कोणी ओळखू नये एवढीच माझी इच्छा होती. ओळखलं तर आजारी म्हणणार, आला बाबा, माझं झालं. आणि मग हेही दार बंद.

बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला एक लहान खोली होती, तिथे एक मराठी काकू होत्या. बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं, आता उठून चालायचं होतं. नवरा बँकेत होता, तो गेलेला. मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कामात. फ्रीगंजात पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहायच्या. सिस्टर म्हणाली, ही मराठीत बोलते, नर्सना कळत नाही, तुम्ही जा.

पहिल्या दिवशी काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाल्या, 'बसा.' मग ज्या बोलायला लागल्या त्या लागल्याच. हॉस्पिटलचा दलिया, नर्सचे थंड हात, मुलाचा रविवारचा फोन. मुलगा त्यांच्या मराठीला हसायचा, म्हणे, आई, तू अर्धी हिंदी बोलतेस. 'मी इथे बोलू कोणाशी?' त्या म्हणाल्या. 'दूधवाल्याशी बोलते, तशी बोलते.' मी ऐकत होतो. मला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं. त्या बोलायच्या थांबल्या, डोळे मिटले, आणि मी उठून निघालो.

वर्गात मी सगळं म्हणून दाखवलं. सिस्टरने विचारलं, 'उठकर क्या बोला?' मी म्हणालो, काही नाही, उठलो. ती म्हणाली, जाताना काहीतरी बोलत जा, आजाऱ्याच्या लक्षात आपलं जाणं राहतं. मी मान हलवली. आता केरळच्या बाईला मी काय आणि कसं समजावू? वडिलांनी धरलेला कान सांगू?

मी काकूंकडे आणखी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा तसाच निघालो. दुसऱ्या वेळी दारातून त्यांची नजर पाठीवर आल्यासारखं वाटलं होतं. पण आम्ही मागे बघत नाही.

पुढच्या खेपेला मी वॉर्डाच्या दारातच होतो, तेवढ्यात सिस्टर समोर आली. काकूंनी जेवण सोडलं होतं. पाय जमिनीला लावत नव्हत्या. चालल्या नाहीत तर पडून पडून छातीत कफ धरेल, मग कठीण, असं डॉक्टर सांगून थकले होते. काकूंचं एकच चाललं होतं, मला घरी न्या, मला माझ्या घरात मरू द्या, मुलाला फोन करा. मुलगा बिचारा नव्या नोकरीत, तिकडे फोनवर रडत होता. सिस्टरने मला विचारलं, तुम्ही त्यांना काय बोललात?

मी म्हणालो, काहीच बोललो नाही.

मी खोलीत गेलो. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. स्टूल ओढल्याचा आवाज ऐकून न वळताच म्हणाल्या, 'डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं, ते मला सांगा.'

'डॉक्टर मला काही सांगत नाहीत, काकू.'

'खोटं बोलू नका गुरुजी.'

गुरुजी. म्हणजे झालं. शर्ट-पँट, देवास गेट, सगळं पाण्यात. मी उठायच्याच बेतात होतो. त्या वळल्या. मुलगा लांब असलेल्या माणसाचे डोळे सारखे दाराकडे असतात, तसे त्यांचे होते, पण आता ते माझ्यावर होते.

'आमच्या ह्यांचं सगळं तुम्हीच केलंत. तुम्ही मान वर करून बघितलं नाहीत कोणाकडे, तुम्हाला आठवणार नाही. मी आवाजावरून ओळखलं, पहिल्याच दिवशी. वाटलं, पँट घालून आलाय, म्हणजे माणूस म्हणून आलाय. बरं वाटलं. आणि मग तुम्ही उठलात आणि येतो न म्हणता चालायला लागलात. एकदा नाही, तीनदा. तेव्हा कळलं, नाही, हा कामावर आलाय. ह्याला सांगितलंय कोणीतरी.'

सिस्टरने शिकवलेलं एकही वाक्य तिथे कामाचं नव्हतं. मग मी जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. जाम, वडील, गल्लीचं टोक. किराण्याच्या दुकानातूनसुद्धा मी तसाच निघतो, हे सांगितलं. मला कोणी या म्हणत नाही, मग मी येतो कोणाला म्हणू, हेही सांगितलं. सांगताना आवाज फाटला. आजाऱ्यासमोर आपलं गाऱ्हाणं गायचं नाही असाही सिस्टरचा नियम होता. तो मोडला.

काकू ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, 'मग मी मरत नाहीये?'

'मला माहीत नाही काकू. पण मला कोणी काही सांगितलेलं नाही. मी नुसता येतो, तुमच्याशी बोलून मला बरं वाटतं म्हणून.'

'अहो, मग म्हणा की तसं. आत्ता म्हणा. उठा, दाराशी जा, आणि म्हणा.'

मी उठलो. दाराशी गेलो. मोठमोठी सूक्तं धडाधडा म्हणणारा मी, दोन अक्षरं निघेनात. कानाची पाळी गरम झाली, अगदी खरी. काकू उशीवरून मान उचलून बघत होत्या, नुसती दोन अक्षरं ऐकायची म्हणून, जसा काही तो डॉक्टरचा रिपोर्ट होता. त्यांच्यासाठी होताच. मी चौकटीला हात धरला आणि म्हणालो, 'येतो, काकू.'

'या,' त्या म्हणाल्या. मान खाली टेकवली, डोळे पुसले. 'आणि उद्या येताना टावरवरून शेव आणा. तिखट आणा. इथलं अळणी खाऊन जिभेचं वाटोळं झालंय.'

मी बाहेर आलो, मागच्या कडुलिंबाखालच्या बाकावर बसलो आणि रडलो. पुढच्या वर्गात सिस्टरने विचारलं, और आपको क्या लगा, तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हणालो, मला फार एकटं वाटतं, सिस्टर, आणि त्या दिवशी थोडा वेळ नाही वाटलं. मास्तरांनी काही उपदेश केला नाही. सिस्टर म्हणाली, 'अब शुरू हुआ.'

काकू चालायला लागल्या. आधी वॉकर धरून, मग काठीने. घरी जाताना मला बजावून गेल्या, रविवारी चहाला यायचं. मुलाचा फोन सकाळी यायचा आणि त्यानंतरचा सगळा रविवार त्यांना खायला उठायचा. मी शेव घेऊन गेलो. जिन्यात शेजारच्या बाईने मला बघितलं आणि तिचा चेहरा पडला. 'कोणाकडे आलात? काही झालं का?' तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत काकूंचा आवाज आला, 'माझ्याकडे आलेत. चहाला!' त्या घरात टीव्हीवर चादर नव्हती. क्रिकेटची मॅच चालू होती आणि काकूंना त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. काकूंच्या यजमानांचा फोटो भिंतीवरच होता. मी प्रथमच त्याच्याकडे नीट बघितलं.

असे पुष्कळ रविवार झाले. सिस्टरची दक्षिणेत बदली झाली, वर्ग बंद पडला, तरी मी वॉर्डात जात राहिलो. कोणी मला ओळखून तोंड फिरवायचं, कोणी बसवून घ्यायचं. निघताना सगळ्यांना येतो म्हणायचो. आठवडाभराच्या त्या सगळ्या येण्या-जाण्यात मला खरंखुरं 'या' म्हणणारं घर मात्र एकच होतं. एकदा चहा गाळताना काकू अगदी सहज म्हणाल्या, 'माझं झाल्यावर तुम्हीच याल सगळं करायला, मला माहीत आहे. करा व्यवस्थित. पण निघताना येतो म्हणून निघायचं. माझ्या घरातून तसं मुकाट जायचं नाही. कबूल करा.' मी म्हणालो, लोक काय म्हणतील? त्या म्हणाल्या, लोक रविवारी येतात का माझ्याकडे? मी कबूल केलं.

एका थंडीत त्या झोपेतच गेल्या. या वेळी मुलगा आला. विमानाने मुंबई, तिथून गाडी. उंच, डोळे सुजलेले, मांडी घालून बसता येत नव्हतं त्याला. मी सगळं केलं. मंत्र कुठे अडला नाही, पण काकूंचं नाव घ्यायची वेळ आली की मी थोडा थांबत होतो. फोटोंच्या जागा बदलल्या होत्या. आता काकू पाटावर होत्या. टीव्हीवर चादर होती.

तेराव्याला सगळं आटोपलं. खोलीत शेजारची बाई, बँकेतली जुनी माणसं, पाचदहा जण बसले होते. मी पंचा खांद्यावर टाकला, चपलांपाशी गेलो. मला वडिलांचा हात कानावर जाणवला. वाटलं, कोणाला कळणार आहे, जावं मुकाट. मग वळलो, फोटोकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, 'येतो, काकू.'

शेजारच्या बाईने तोंडाला पदर लावला. बँकेतल्या एकाने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी घरात साप सोडलाय. मुलगा मात्र उठला. इतकी वर्षं तिकडे राहून त्याला हे नियम कुठले आठवायला. आईने लहानपणी शिकवलेलं तेवढं आठवलं, दाराशी येऊन हात जोडून म्हणाला, 'या हं. नक्की या.'

दोन दिवसांनी तो परत गेला. फ्लॅट विकायला काढला होता, किल्ली शेजारी दिली होती, हे मला माहीत होतं. तरी रविवारी मी टावरवरून तिखट शेव घेतली आणि फ्रीगंजात वळलो. जिना चढलो. दाराला कुलूप होतं. मी तिथेच उभा होतो, तेवढ्यात शेजारच्या बाईने दार किलकिलं केलं.

'आता कोणाकडे आलात?' तिने विचारलं.

आतून आवाज येईल म्हणून मी थोडं थांबलो. मग मीच सांगितलं, 'काकूंकडे. चहाला.'